मंदाताईंची कच्ची प्रत

प्रथम तारखा.

जानेवारीचा तिसरा शनिवार. माझ्या ऑफिसातील कामाच्या संगणकावर एका ऑपरेटिंग सिस्टिमची चाचणीतली, म्हणजे अजून पक्की न झालेली, आवृत्ती चढवली गेली. जबाबदार : मी.

फेब्रुवारीचा पहिला बुधवार, सकाळी सव्वाअकरा. एका हमीपत्राचा स्टॅम्प पेपर छपाईत खराब झाला. जबाबदार : त्या दिवशी ठरले नाही, आणि सगळा अनर्थ त्यातूनच झाला.

तोच बुधवार, साडेअकरा. श्रीमती मंदा पाटील यांचा चारचौघांत अपमान. जबाबदार : माझे अशील श्री. वाळिंबे, आणि त्यांच्यापाठोपाठ मी.

त्यापुढचा मंगळवार. याबाबतची माझी तक्रार ‘दोष आढळून येत नाही’ अशा शेऱ्यानिशी बंद. जबाबदार : चाचणी-गटातील एक गृहस्थ, जे स्वतःला ‘कासव’ म्हणवतात.

एप्रिलचा शेवटचा गुरुवार. त्या सिस्टिमची पक्की आवृत्ती प्रसिद्ध झाली. सोबतच्या आभारपत्रात एक नाव गाळले गेले. जबाबदार : प्रकाशन समिती, सर्व सदस्य, एकत्रितपणे व स्वतंत्रपणे.

जबाबदारांच्या या यादीत मंदाताई पाटील यांचे नाव नाही. ते तिथे असता कामा नये, एवढे सिद्ध करायला मला अडीच आठवडे लागले. त्यातील बराचसा काळ मी चुकीच्या दिशेने पत्रे लिहीत होतो.

मी वकील आहे. एका सार्वजनिक कार्यालयातून विधी अधिकारी म्हणून निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली. तेव्हापासून तळवलीत, ठाणे-बेलापूर रस्त्यालगत, एका गाळ्यात माझे नोटरीचे आणि दस्तलेखनाचे ऑफिस आहे. तिथे दोन माणसे बसतात. मी मजकूर सांगतो, मंदाताई टाइप करतात. मी तीस वर्षे सरकारी मराठी लिहिली असल्यामुळे माझी वाक्ये लांबतात. कुठे श्वास घ्यायचा ते मंदाताई ठरवतात.

त्या तळवलीच्याच. त्यांची आणि माझी पहिली भेट मात्र माझ्या सरकारी टेबलासमोर झाली. त्या आईला घेऊन आल्या होत्या. वसाहतीसाठी गेलेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर त्यांच्या थोरल्या मामांचे नाव होते आणि त्यापुढे दोन शब्द : ‘व इतर’. आईचे म्हणणे एवढेच, की त्या इतरांत मी आहे, हे कुठेतरी लिहून द्या. मी अभिलेख तपासले. अर्जदाराचे नाव अभिलेखात आढळून येत नाही, असे लेखी उत्तर दिले. उत्तर कायद्याने बरोबर होते. मंदाताईंनी ते दोनदा वाचले, पोच म्हणून सही केली आणि मला विचारले, “साहेब, हे टाइप कोनी केलंय? वरची मार्जिन कमी हाय. फायलीची लेस ओवायला भोक पाडलं की पहिली ओळ जाईल.”

आईच्या हक्काचे काही झाले नाही. मी मात्र निवृत्तीनंतर गाळा घेतला, तेव्हा टायपिस्ट म्हणून मला पहिले नाव त्यांचे आठवले.

आता ऑपरेटिंग सिस्टिमकडे येतो. संगणकात बाकीचे सगळे प्रोग्रॅम जिच्या आधाराने चालतात, ती ही मूळ व्यवस्था. आमच्या संगणकावरची विकतची सिस्टिम चार वर्षांपूर्वी कालबाह्य ठरवण्यात आली आणि नवी आमच्या जुन्या यंत्राला पेलेना. मी तीन ठिकाणी निषेधाची पत्रे पाठवली. उत्तर एकाचेही आले नाही. त्याच सुमारास घणसोलीच्या एका वाचनालयात अनघा कुलथे यांची गाठ पडली. या बाई पस्तिशीच्या, ऐरोलीला एका आयटी कंपनीत नोकरीला. महिन्यातून दोन शनिवार त्या आणि त्यांचे सोबती वाचनालयाच्या हॉलमध्ये टेबले मांडून बसतात आणि लोकांच्या जुन्या यंत्रांवर मुक्त सिस्टिम चढवून देतात.

मुक्त म्हणजे काय, असे मी त्यांना विचारले. त्यांनी सांगितले ते मी माझ्या भाषेत मांडतो. या सिस्टिमचा मूळ मसुदा सार्वजनिक दप्तरासारखा उघडा असतो. कोणीही पाहावा, कोणीही नक्कल घ्यावी, कोणीही दुरुस्ती सुचवावी. ती लिहिणारे लोक गावोगावी, देशोदेशी विखुरलेले असतात आणि त्यांतील बहुतेकांना या कामाचा पगार नसतो.

आणि ‘बीटा’, म्हणजे वर म्हटलेली चाचणीतली आवृत्ती? पक्की आवृत्ती निघण्याआधी काही आठवडे तिचा कच्चा मसुदा सर्वांना वापरायला देतात आणि म्हणतात, दोष सापडला तर कळवा. सरकार नियमांचा मसुदा राजपत्रात छापून ‘हरकती व सूचना’ मागवते, तसेच हे. मी उभ्या आयुष्यात असंख्य मसुद्यांवर हरकती दाखल केल्या आहेत. सुनावणीचे बोलावणे मला एकदाही आले नाही.

इथे आले. लॉक स्क्रीनवरची अक्षरे चष्मा लावूनही दिसत नाहीत, ही माझी पहिली हरकत. चार पानांची होती. विषय, संदर्भ, महोदय, सगळे यथासांग. सहा तासांत उत्तर : एका तक्रारीत एकच दोष लिहावा, आणि तीनच प्रश्नांची उत्तरे द्यावीत. तुम्ही काय केले? काय व्हायला हवे होते? प्रत्यक्षात काय झाले? मी संतापलो. मग त्या नमुन्यात लिहून पाहिले. चार पाने सहा ओळींत बसली. दुसऱ्या दिवशी खाली एक शब्द उमटला : ‘कन्फर्म्ड’. तो मी मंदाताईंना तीनदा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “साहेब, आता दुपारी तरी जेवाल ना?”

अनघाबाई मला काका म्हणू लागल्या. मी त्यांना स्पष्ट सांगितले, की या व्यासपीठावर मी कोणाचा काका नाही, मी तक्रारदार आहे. तेव्हापासून त्या मला ‘तक्रारदार काका’ म्हणतात.

बीटाचा एक नियम त्यांनी मला दर वर्षी बजावून सांगितला आहे. कच्ची आवृत्ती रोजच्या कामाच्या यंत्रावर घालायची नाही. त्यासाठी वेगळे यंत्र ठेवायचे. जानेवारीत मी तो नियम मोडला. माझा युक्तिवाद असा, की रिकाम्या यंत्रावर हरकती सापडत नाहीत, त्या प्रत्यक्ष वापरणाऱ्यालाच सापडतात. युक्तिवाद आजही चूक वाटत नाही. चूक ही, की वापरणाऱ्या व्यक्तीला मी ते सांगितलेच नाही. मंदाताईंना सोमवारी पडद्यावरची चित्रे जराशी वेगळी दिसली. त्यांना वाटले, मी काहीतरी नीटनेटके करून घेतले असेल.

तो बुधवार. वाळिंबे यांच्या वडिलांच्या पश्चात फ्लॅट त्यांच्या नावावर करायचा होता. सोसायटीला हमीपत्र द्यायचे होते. भगिनी नागपूरहून सहीसाठी आल्या होत्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत निघणार होत्या. स्टॅम्प पेपरची वरची बाजू मुद्रेने भरलेली असते आणि मजकूर तिच्याखाली सुरू करावा लागतो, हे वाचकांनी पाहिले असेल. मुद्रेवर मजकूर चढला, तर तो कागद आम्ही बाद धरतो.

मंदाताईंनी कागद मशीनमध्ये घातला. बाहेर आला तेव्हा हमीपत्राच्या पहिल्या दोन ओळी मुद्रेवर चढलेल्या होत्या.

वाळिंबे यांनी कागद उचलला, बहिणीला दाखवला आणि म्हणाले, “मॅडम, इतकी वर्षं हेच करताय ना? की डोळे मिटून प्रिंट मारता?”

यावर मी काहीतरी बोलणे भाग होते. मी बोललो. “मंदाताई, हे काय केलंत तुम्ही?”

त्या म्हणाल्या, “मी नेहमीसारखंच केलंय, साहेब.”

“नेहमीसारखं केलं असतं, तर नेहमीसारखं आलं असतं.”

माझ्या सबंध कारकिर्दीत मी इतके तर्कशुद्ध आणि इतके चुकीचे वाक्य बोललो नसेन. मंदाताईंनी कीबोर्डवर कापड घातले, डबा पिशवीत टाकला आणि त्या गेल्या. मी नवा स्टॅम्प पेपर आणून शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात दोन बोटांनी टाइप करून चार वाजता वाळिंबे यांचे काम पूर्ण केले. भगिनींना गाडी मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी झेरॉक्सवाल्याने मला एक पाकीट दिले. आत ऑफिसची किल्ली होती आणि एक चिठ्ठी, मार्जिन सोडून लिहिलेली. ‘मा. साहेब यांस, किल्ली सोबत जोडली आहे. पोच द्यावी. मं. पाटील.’

हे पत्रलेखन मीच शिकवले होते.

त्या दिवशी ऑफिसात एकटा बसलो असता मला जानेवारीचा तिसरा शनिवार आठवला. दोष मंदाताईंच्या हातात नसून बीटात असला तर? मी ताबडतोब तक्रार दाखल केली. काय केले : दस्त उघडला, लीगल, म्हणजे ए-फोरपेक्षा लांब मापाचा, कागद निवडला, प्रिंट दिली. काय व्हायला हवे होते : मजकूर मुद्रेच्या खाली. काय झाले : मजकूर मुद्रेवर.

मंगळवारी ‘कासव’ यांचा शेरा आला. तीन वेगवेगळ्या प्रिंटरांवर करून पाहिले, दोष आढळून येत नाही, तूर्त बंद करत आहोत. सोबत तीन फोटो होते, तीनही निर्दोष.

या शेऱ्याचा तांत्रिक अर्थ एवढाच, की आमच्याकडे तसे घडत नाही. मी तो वकिलाच्या डोळ्यांनी वाचला. दोष यंत्रात नसेल तर हातात आहे. म्हणजे निकाल मंदाताईंच्या विरुद्ध. मी गटाच्या सार्वजनिक पानावर तीन पत्रे लिहिली. दुसऱ्या बाजूचे ऐकून घेतल्याशिवाय निवाडा करणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असे त्यांत म्हटले. कासव दर वेळी शांतपणे उत्तर देत, की तुमचे म्हणणे मान्य आहे, फक्त अचूक पायऱ्या कळवा, पुन्हा करून पाहतो.

मग मी स्वतः करून पाहिले. स्टॅम्प पेपरच्या झेरॉक्स काढल्या, एकेक मशीनमध्ये घातली, एकेक प्रिंट घेतली. गठ्ठा संपला. प्रत्येक प्रत बरोबर होती.

दुपारचे तीन वाजले होते. मला आठवते, मी त्या निर्दोष प्रतींकडे बघत बसलो आणि मनात आले, की मंदाताईंचेच चुकले असेल. वय झाले असेल. हा विचार मी इथे नोंदवतो, कारण तो मी केला.

अनघाबाईंना फोन लावला. तक्रार मागे घ्यावी म्हणतो, असे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “काका, त्या दिवशी प्रिंट तुम्ही दिली होती?”

“नाही. मंदाताईंनी.”

“मग पायऱ्या तुम्ही कशा लिहिल्या?”

मी तक्रारीची प्रत पुढ्यात ओढली.

“त्यांना विचारलंत का, त्या नेमकं काय काय करतात?”

विचारले नव्हते. तेरा वर्षे एका टेबलाच्या अंतरावर बसत होतो. त्या कशा प्रिंट काढतात, हे मला माहीत आहे, असे मी गृहीत धरले होते. एकमेव प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराला न तपासता मी तिची साक्ष स्वतःच लिहून दाखल केली होती. एखाद्या कनिष्ठ वकिलाने असे केले असते, तर मी त्याला ऑफिसाबाहेर उभे केले असते.

वेळही कमी होता. येत्या शनिवारी त्या फेरीची शेवटची चाचणी-सभा होती. त्यानंतर ‘फ्रीझ’, म्हणजे मसुदा गोठवणे. गोठवल्यावर फक्त ‘ब्लॉकर’ दुरुस्त करतात. ज्या दोषापायी प्रकाशनच थांबवावे लागते, तो ब्लॉकर. आणि सिद्ध न झालेला दोष ब्लॉकर ठरू शकत नाही.

गुरुवारी मी मंदाताईंच्या घरी गेलो. तळवली गावठाणात जुन्या घराच्या जागी आता चार मजले उभे आहेत, तळमजल्यावर त्या आणि त्यांच्या आई राहतात. दोघी ओट्यावर वालाच्या शेंगा निवडत बसल्या होत्या.

“या साहेब,” मंदाताई म्हणाल्या. “नोटीस घेऊन आलाव?”

मी खिशातून कागद काढून दिला. दिलगिरीचा होता. दोन परिच्छेद, मीच दोन बोटांनी टाइप केलेला. त्यांनी तो पूर्ण वाचला.

“वरची मार्जिन कमी हाय,” त्या म्हणाल्या आणि कागद शेंगांच्या सुपाखाली ठेवला.

मी त्यांना सगळे सांगितले. जानेवारीचा शनिवार, बीटा, नियम, आणि मी तो मोडून त्यांना कळवले नव्हते हेही. त्यांनी हातातली शेंग सोलून दाणे सुपात टाकले. मग म्हणाल्या, “म्हंजे पंधरा दिवस मला झोप नाय, नि मशीनच बदललेली व्हती?”

“असा माझा आरोप आहे. सिद्ध व्हायचा आहे.”

“नाय झाला तर?”

“तर दोष माझा. कच्ची सिस्टिम मी घातली.”

आतापर्यंत गप्प असलेल्या त्यांच्या आई म्हणाल्या, “लिहून घे गो त्याच्याकडून.” म्हातारीचे वय नव्वदीकडे झुकले आहे, पण माणूस ओळखण्यात चूक नाही. मंदाताई हसल्या. मी लिहून दिले.

शनिवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये दहाबारा माणसे होती. आमचा संगणक आणि प्रिंटर मी रिक्षातून आणला होता. कासव पडद्यावरून हजर होते, चेहरा न दाखवता. आवाजावरून पन्नाशीचे, कोल्हापूरकडचे वाटले. मंदाताईंच्या हातांवर आणि पडद्यावर कॅमेरा लावला होता. अनघाबाईंनी त्यांना सांगितले, “ताई, तुम्ही ऑफिसात करता तसंच करायचं. आम्ही कोणी मध्ये बोलणार नाही.” हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिले.

मंदाताईंनी दस्त उघडला. नजर फिरवली. मशीनमध्ये साधा कागद घातला आणि प्रिंट दिली. तो कागद आणि स्टॅम्प पेपरची झेरॉक्स दोन्ही हातात घेऊन त्या उठल्या आणि खिडकीशी गेल्या. कागदावर कागद ठेवून त्यांनी ते उजेडासमोर धरले. मान किंचित वाकडी करून बघितले.

“थांबा, थांबा,” कासव म्हणाले. “ताई, आत्ता काय केलासा?”

“कच्ची काढली.”

“कच्ची म्हणजे?”

“स्टॅम्प पेपर एकच असतो. वाया गेला तर पार्टी खोळंबते. म्हनून आधी साध्या ए-फोरवर काढायची, ‘फिट टू पेज’ करून, म्हंजे ती पानात मावते. मग खिडकीला लावून बघायचं, मजकूर शिक्क्याच्या कुठवर येतो ते. ए-फोरवर जरा वर येतो, ते मी अंदाजाने धरते. बरोबर वाटलं की कागद बदलायचा, लीगल करायचं, ‘फिट’ काढून टाकायचं नि पक्की द्यायची.”

“हे कधीपासून करता?”

“पहिल्या दिवसापास्नं.”

मी खुर्चीत बसलो. तेरा वर्षे माझी समजूत होती, की कामाच्या मधेच मंदाताई खिडकीशी जाऊन रस्ता बघतात. एकदा मी त्यांना म्हणालोही होतो, की बाहेर काय एवढे बघण्यासारखे आहे. त्या ‘काही नाय’ म्हणाल्या होत्या. माझ्या ऑफिसात कधी स्टॅम्प पेपर वाया जात नाही, अशी फुशारकी मी बार असोसिएशनमध्ये अनेकदा मारली आहे. त्याचे कारण मला त्या दिवशी कळले.

“आता पक्की द्या, ताई,” कासव म्हणाले.

मंदाताईंनी झेरॉक्स मशीनमध्ये घातली. पडद्यावर लीगल निवडले, फिट काढले, प्रिंट दिली. कागद बाहेर आला. पहिल्या दोन ओळी मुद्रेवर होत्या.

कासव यांनी त्यांच्या मशीनवर त्याच पायऱ्या घेतल्या. पलीकडून मशीनची घरघर ऐकू आली, मग दुसऱ्यांदा, आणि मग कासव म्हणाले, “माझ्याकडंबी चढल्या.”

दोष असा होता. त्या बुधवारच्या आदल्या रात्री बीटात आपोआप उतरलेल्या बदलापासून, तोच दस्त मापे बदलून लागोपाठ दोनदा छापला, तर पडद्यावर नवी मापे दिसत, पण आत पहिल्या वेळचे आकुंचन शिल्लक राही. मजकूर आक्रसे आणि इंचभर वर सरके. जगभरच्या चाचणीकर्त्यांनी एकदा प्रिंट दिली, ती बरोबर आली, त्यांनी पुढचे काम घेतले. कागद वाया जाईल या भीतीने आधी कच्ची प्रत काढणारा, आणि मग आकार बदलून पक्की काढणारा माणूस त्यांच्यात नव्हता. मीही प्रत्येक प्रिंट थेट लीगलवरच घेत होतो. निष्काळजी माणसाला हा दोष कधीच दिसला नसता.

“म्हंजे माझं नाय ना?” मंदाताईंनी विचारले.

“नाही, ताई,” कासव म्हणाले. “आमचं. मी बंद केलेली तक्रार मीच उघडतो. ब्लॉकर म्हणून.”

मंदाताईंनी ते दोन कागद एकावर एक ठेवून घडी केले आणि पर्समध्ये टाकले. मी त्यांना किल्लीची लेखी पोच दिली, आणि किल्लीही. सोमवारी दहा वाजता त्या कामावर हजर होत्या.

दुरुस्ती चार दिवसांत आली. कासव यांनी ती नोकरी सांभाळून केली, आणि पुन्हा तपासायला मंदाताईंनाच विनंती केली. त्या दर आवृत्तीला कच्ची काढत, खिडकीशी जात, आणि मला सांगत, “लिवा, बरोबर हाय.” मी माझ्या खात्यावरून लिहीत असे. वाळिंबे हमीपत्राची नोंद झाल्याचे सांगायला आले, तेव्हा मी त्यांना सर्व वृत्तान्त ऐकवला आणि मंदाताईंशी बोलायला सुचवले. ते म्हणाले, “जाऊ द्या हो वकीलसाहेब, कशाला टेन्शन घेता.” त्यांना मी पोचदेय रजिस्टर्ड पत्र पाठवले आहे. पोच आली, उत्तर आले नाही.

हे सारे मी कौतुकानेच सांगतो आहे. या लोकांवर मी चिडतो, कारण इथे चिडण्याचा उपयोग होतो. बंद झालेले प्रकरण स्वतः होऊन उघडणारा अधिकारी मी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही. तसा मी स्वतःही नव्हतो. अभिलेखात नाव आढळून येत नाही, असे लिहिल्यावर मी ती फाइल पुन्हा उघडली नव्हती.

म्हणूनच एप्रिलचा शेवटचा गुरुवार मला सहन झाला नाही.

त्या दिवशी पक्की आवृत्ती आली. आभारपत्राचे पान मीच मोठ्या उत्साहाने मंदाताईंच्या पडद्यावर उघडले. त्यात छपाईच्या दोषाखाली लिहिले होते : ‘हा दोष शोधून दिल्याबद्दल अ‍ॅड. टिपणीस व इतर यांचे आभार.’

टिपणीस म्हणजे मी.

मंदाताईंनी ते वाचले. पान बंद केले आणि दिवसाचा पहिला दस्त उघडला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “जाऊ द्या, साहेब. आईच्या वेळेपासनं सवय हाय.”

मी अनघाबाईंना फोन केला. त्यांना मनापासून वाईट वाटले. त्यांनी समजावून सांगितले, की ही यादी यंत्र आपोआप बनवते. ज्यांच्या खात्यावरून तक्रार येते त्यांचे नाव येते, उरलेले सारे ‘व इतर’. मंदाताईंचे खाते नाही. पुढच्या वेळी समितीकडे शब्द टाकून दुरुस्ती करून घेऊ, कोणाला कळणारही नाही.

कोणाला कळणार नाही, हीच माझी हरकत आहे. मंदाताईंच्या आईच्या बाबतीतही कोणी वाईट हेतूने काही केले नव्हते. लिहिणाऱ्याने एक नाव लिहिले आणि पुढे जागा वाचवली. त्या वाचवलेल्या जागेत एका बाईचा हक्क गेला, आणि तो गेला असे लिहून देणारा हात माझा होता. दुसऱ्यांदा तेच माझ्या नावाच्या आडोशाने होऊ देण्याची माझी तयारी नाही. ऑफिसात, शाळेत, वाचनालयात कितीतरी माणसे दुसऱ्याच्या खात्यावर बसून हे काम करतात. खरी चाचणी तीच करतात, कारण त्यांच्या हातून कागद वाया गेला तर बोलणी त्यांनाच बसतात.

यातून मी शिकलो ते एवढेच, की साक्षीदाराला विचारल्याशिवाय त्याची साक्ष लिहू नये, आणि लिहिली तर खाली सही त्याची घ्यावी.

प्रकाशन समितीला माझी मागणी अशी. त्या ‘व इतर’मध्ये कोण आहे, ते नावानिशी सांगावे. ज्याचे खाते त्याचेच काम, हा नियम कोणी केला आणि करण्यापूर्वी कोणाच्या हरकती मागवल्या, तेही सांगावे. उत्तर मला ईमेलने नको, अनघाबाईंमार्फत निरोपही नको. ज्या पानावर नाव गाळले त्याच पानावर, सर्वांना वाचता येईल असे, कारणांसह उत्तर द्यावे.

हा मजकूर मंदाताईंनी टाइप केला आहे. शेवटच्या परिच्छेदाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, खरंच राहू द्या, साहेब. मी म्हणालो, पुढे घ्या. कच्ची प्रत काढून, खिडकीशी धरून तपासली आहे. वरची मार्जिन पुरेशी आहे.

पोच द्यावी.